नट, संहिता आणि राज्यसंस्था : चीनच्या लोकरंगभूमीची पुनर्घडण, १९४२ ते १९५७

श्रोतेहो,

५ मे १९५१ रोजी बीजिंगमध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या सहीने एक आदेश निघाला. तो पारंपरिक संगीत-नाटकांच्या सुधारणेविषयी होता. नवे प्रजासत्ताक स्थापन होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. कोरियात चिनी सैन्य लढत होते, खेड्यापाड्यांत जमिनीचे फेरवाटप चालू होते. एवढ्या धामधुमीत देशाच्या पंतप्रधानाने नाटकमंडळ्यांकडे लक्ष द्यावे याचे पुष्कळांना नवल वाटते. मला वाटत नाही. ज्या देशातील बहुसंख्य जनता निरक्षर होती, तेथे राजा कसा असतो, न्याय कोण करतो, सुनेने कसे वागावे आणि मेल्यावर माणसाचे काय होते, या सगळ्याचे शिक्षण लोकांना देवळासमोरच्या मंचावरून आणि बाजारातल्या कथेकऱ्याकडून मिळत होते. चिनी कम्युनिस्टांनी करमणुकीला कधीही क्षुल्लक मानले नाही. तिची ताकद त्यांनी तिच्या चाहत्यांइतकीच ओळखली होती, आणि म्हणूनच ती मोकळी सोडायला ते तयार नव्हते.

या आदेशाने तीन कामे सांगितली : नाटके सुधारा, नाटकातली माणसे सुधारा, नाटकाची व्यवस्था सुधारा. आपल्याकडे चर्चा होते ती पहिल्या कामाची, म्हणजे बंदीची. १९५० ते १९५२ या काळात सांस्कृतिक मंत्रालयाने देशभरासाठी एकूण २६ नाटकांवर बंदी घातली. तीनशेहून अधिक प्रादेशिक नाट्यप्रकार आणि हजारो नाटके असलेल्या देशात हा आकडा लहानच आहे. माझे म्हणणे असे की, खरा बदल या यादीने घडवला नाही. तो घडला संहितेमुळे. पूर्वी नटाच्या तोंडी जन्मणारे नाटक आता आधी कागदावर आले, कागद कचेरीत गेला आणि तेथून मंजूर होऊन नटाकडे परतला.

जुनी पद्धत कशी होती ते आधी पाहू. बीजिंग ऑपेरासारख्या प्रतिष्ठित प्रकारात पाठांतराला मोठे स्थान होते. पण छोट्या प्रादेशिक मंडळ्यांपैकी बहुतेकांकडे लिखित नाटक नसे. पडद्यामागे एक कागद टांगलेला असे. कोणत्या प्रवेशात कोण येणार, कोण जाणार, हातात तलवार हवी की पत्र, एवढेच त्यावर लिहिलेले असे. खेळापूर्वी मंडळीतला एखादा जाणता माणूस कथानक सांगे, आणि मग संवाद व पदे प्रत्येक नट आपल्या साठ्यातून उभी करी. बागेचे वर्णन, रात्रीचा विरह, कैद्याचा विलाप यांच्या ठरावीक ओळी तोंडपाठ असत. त्या गरजेप्रमाणे जुळवायच्या, प्रेक्षक रंगला तर लांबवायच्या, कंटाळला तर आवरायच्या. आजचा खेळ कालच्यासारखा नसे. यात पुष्कळ पाणी घातले जाई, अश्लीलही पुष्कळ चाले, पण त्या क्षणी नाटकाचा धनी नट असे आणि त्याचा हिशेब समोर बसलेल्या माणसांशी असे. राज्यकर्त्याच्या दृष्टीने अडचण एवढीच होती की, जे आधी लिहिलेले नाही ते आधी तपासता येत नाही.

नव्या धोरणाची बीजे येनानमध्ये पडली. वायव्य चीनमधले हे दरिद्री गाव तेव्हा कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे होते. मराठी माणसाला ते अगदी अपरिचित नाही, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली तेथेच पोहोचले होते. मे १९४२ मध्ये माओंनी येथे लेखक-कलावंतांची बैठक घेऊन भाषणे केली आणि कला कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले : कामगार, शेतकरी आणि सैनिकांसाठी, आणि राजकारणाच्या अधीन राहून. शांघायहून आलेल्या सुशिक्षित तरुण कलावंतांना शेतकऱ्यांच्या कलेकडे वळावे लागले, आणि त्यांना पहिली सापडली ती ‘यांगको’. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या सणात गावोगाव निघणारे हे नाच-गाण्याचे खेळ. त्यात छत्री घेतलेला नायक असे, विदूषक असे आणि स्त्री-पुरुषांची उघडी थट्टामस्करी असे. १९४३ च्या सणात नवी यांगको निघाली तेव्हा छत्रीच्या जागी विळा आणि हातोडा आला. पडीक जमीन नांगरणाऱ्या जोडीचा एक छोटा खेळ तेव्हा फार गाजला. ती जोडी मुळात नवरा-बायकोची असणार होती; पण नवरा-बायको मंचावर आले की लोकांना जुनी चावट यांगको आठवणार, म्हणून त्यांना भाऊ-बहीण करण्यात आले. नाते बदलले, चाल तीच राहिली, आणि शेतकऱ्यांनी तो खेळ डोक्यावर घेतला. पुढच्या सगळ्या सुधारणेची रीत या एका बदलात दिसते. ओळखीचे रूप ठेवायचे आणि त्यातला अर्थ उचलून दुसरा ठेवायचा.

त्याच सुमारास हान छीश्यांग हा आंधळा कथेकरी येनानच्या परिसरात सान-श्येन हे तीन तारांचे वाद्य वाजवत फिरत होता. उत्तर शान्शीमध्ये अंध मुलांना पोट भरायला दोनच वाटा असत, भविष्य सांगणे किंवा कथा सांगणे, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्रच चालत. नवस फेडायचा असेल, गोठ्यातले जनावर आजारी असेल, तर घरी कथेकरी बसवला जाई. पक्षाचे कार्यकर्ते या कथेकऱ्यांपर्यंत गेले, त्यांना नव्या कथा सुचवल्या आणि हानने त्या मनापासून स्वीकारल्या. त्याची सर्वांत गाजलेली कथा ल्यू छ्याओ नावाच्या मुलीची. तिच्यामागे खरा खटला होता. गान्सूतील एका मुलीचे लग्न लहानपणी ठरले होते; बापाने जास्त पैशांच्या आशेने ते मोडले, मुलाकडच्यांनी रात्री येऊन तिला पळवून नेले, आणि प्रकरण मा शीवू या न्यायाधीशांकडे गेले. त्यांनी गावकऱ्यांसमोर मुलीला तिची इच्छा विचारली, लग्न वैध ठरवले आणि पळवणाऱ्यांना व बापाला शिक्षा केली. या खटल्यावर आधी नाटक झाले, मग हानची कथा झाली. हानला लिहिता येत नव्हते, तेव्हा लेखक त्याच्यासमोर बसले आणि त्याच्या तोंडून आलेली कथा त्यांनी उतरवून घेतली. ती छापली गेली, इतर कथेकऱ्यांना शिकवण्यात आली. येथे मी थोडा थांबतो, कारण मला या घटनेत कोणतीही जबरदस्ती दिसत नाही, उलट एका उपेक्षित कलावंताचा झालेला सन्मान दिसतो. तरीही रोज बदलणारी कथा येथे पहिल्यांदा ‘अधिकृत’ झाली, हेही तितकेच खरे आहे.

‘पांढऱ्या केसांची मुलगी’ हे १९४५ चे संगीतनाटक याच वाटेवरचे मोठे पाऊल होते. उत्तर चीनच्या डोंगरात रात्री देवळातला नैवेद्य नेणारी एक पांढरी देवता दिसते, अशी एक दंतकथा होती. येनानच्या लू शुन कला अकादमीतील मंडळींनी त्या देवतेचे माणूस केले. जमीनदार हुआंग शरन कर्जापायी गरीब यांग बायलाओकडून मुलगी लिहून घेतो, बाप विष पिऊन मरतो, मुलगी शीअर जमीनदाराच्या घरात भ्रष्ट होते, गुहेत पळते, तिचे केस पांढरे होतात, आणि शेवटी कम्युनिस्टांची आठवी मार्गसेना तिला उजेडात आणते. जुना समाज माणसाचे भूत करतो आणि नवा भुताचे माणूस करतो, हे सूत्र यातून पुढे सर्वत्र गेले. पक्षाच्या सातव्या महाअधिवेशनासाठी या नाटकाचा खेळ झाला. त्या वेळच्या शेवटात जमीनदाराला मृत्युदंड नव्हता. अकादमीच्या भटारखान्यातला आचारीही त्यावर चिडला होता असे सांगतात. खेळानंतर नेतृत्वाकडून निरोप आला की, या माणसाला गोळी घातलीच पाहिजे, आणि शेवट बदलला. पहिल्या संहितेत दिवस गेलेली शीअर जमीनदार आपल्याशी लग्न करील अशी आशा क्षणभर बाळगते. तो भागही टीका झाल्यावर गेला. १९६५ चे शांघायचे बॅले पाहिले, तर बाप विष पीत नाही, खांद्यावरची काठी उगारून लढत मरतो, आणि मुलीच्या वाट्याला मूल येत नाही.

या फेरफारांची मला एकच खंत वाटते. आचाऱ्याचा राग खरा होता. त्याने जमीनदार पाहिले होते आणि त्याची मागणी न्यायाची होती. पण भोळ्या आशेला बळी पडणारी शीअर ही सुद्धा खरी होती. पिळवणूक झालेला माणूस पिळणाऱ्याकडूनच सुटकेची आशा धरतो, हे खेड्यातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. ते गेले, आणि शीअर प्रत्येक आवृत्तीगणिक अधिक निर्दोष व कमी जिवंत होत गेली.

१९४९ नंतर हा प्रयोग येनानच्या गुहाघरांतून महानगरांत आला आणि त्याची गाठ मुरलेल्या व्यावसायिकांशी पडली. त्यांना नव्या राजवटीने काय दिले ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जुन्या चीनमध्ये नट हलक्या दर्जाचा मानला जाई. मुलांना करारावर उस्तादाकडे विकल्यासारखे सोपवले जाई, मारून शिकवले जाई. नट्यांना गुंड आणि लष्करशहा छळत. नव्या राजवटीने त्यांना कलावंत म्हटले. सप्टेंबर १९४९ मध्ये नव्या राज्याचा पाया घालणाऱ्या राजकीय सल्लागार परिषदेत मेइ लानफांग, चौ शिनफांग, छंग यानछ्यू हे नट आणि युए ऑपेरातील युआन श्वेफन ही तरुण अभिनेत्री प्रतिनिधी म्हणून बसली होती. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेला बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय असेल, याची कल्पना करावी. पुढे अनेकांनी जे निमूटपणे सोसले त्याचे एक कारण ही कृतज्ञता होती, असे मला वाटते.

पण याच मेइ लानफांगना दोन महिन्यांत धडा मिळाला. स्त्रीभूमिकांसाठी जगविख्यात असलेल्या या नटाने नोव्हेंबर १९४९ मध्ये त्येनजिनमध्ये एका पत्रकाराला सांगितले की, बीजिंग ऑपेरात सुधारणा जपून करावी, पाऊल पुढे टाकावे पण रूप बदलू नये. आयुष्यभर जपून सुधारणाच करत आलेल्या कलावंताचे ते मत होते. बीजिंगमधील सुधारणावाद्यांना त्यात सुधारणेला विरोध दिसला. त्याच महिन्याच्या अखेरीस एका बैठकीत मेइंनी जाहीरपणे सांगितले की, पाऊल बदलले की रूपही बदलतेच. १९५१ मध्ये ते नव्या नाट्य-संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि माओंनी शंभर फुले फुलू द्या, जुन्यातून नवे काढा, हे शब्द त्या संस्थेला लिहून दिले.

सुधारणा मंचावर कशी दिसली? बांधलेल्या पावलांची नक्कल करण्यासाठी नट पायाला लाकडी टाचा बांधत, ती अवघड कला गेली. खेळ चालू असताना मंचावर येऊन सामान हलवणारे, नटाला चहा पाजणारे सेवक गेले. भुते, नरकाचे दरबार, रक्ताळलेले खून गेले. विनोदी संवादांची श्यांगशंग ही बीजिंगची कला आंधळे, देवीचे वण असलेले, खेडवळ यांची टिंगल आणि आईबहिणीवरून कोट्या यांवर पोसली होती; जानेवारी १९५० मध्ये होउ बाओलिन आणि इतर कलावंतांनी कादंबरीकार लाओ श यांच्या मदतीने आपला सुधार-गट काढला आणि जुने विनोद स्वतःच चाळून काढले. यातले पुष्कळ जे गेले त्याबद्दल मी अश्रू ढाळणार नाही.

चित्रपटाची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण ती तुलनेने सरळ आहे. चित्रफीत एकदा तयार झाली की बदलत नाही, म्हणून तिच्यावर ताबा ठेवणे सोपे असते. १९५० संपता संपता हॉलिवूडचे चित्रपट शांघायच्या पडद्यांवरून नाहीसे झाले. भीक मागून शाळा काढणाऱ्या वू शुनच्या जीवनावरील चित्रपटावर टीका करणारा, माओंनी स्वतः लिहिलेला अग्रलेख २० मे १९५१ च्या पीपल्स डेली या पक्षाच्या मुखपत्रात आला, आणि १९५३ च्या आरंभापर्यंत खासगी निर्मितिसंस्था संपल्या.

रंगभूमी इतकी सरळ नव्हती. स्थानिक कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात इतकी नाटके बंद केली की, मंडळ्यांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. बंदीचा अधिकार केंद्राकडे ठेवणारी ती २६ नाटकांची यादी काही अंशी या उत्साहाला घातलेला लगाम होती. दुसरीकडे संहिता लिहिणारे कुठवर जाऊ शकतात तेही १९५१ मध्येच दिसले. यांग शाओश्वान हे येनानचे नाटककार. १९४४ च्या जानेवारीत त्यांच्या नाटकाचे कौतुक करणारे पत्र माओंनी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्याला लिहिले होते. इतिहास जनता घडवते, पण जुन्या मंचावर तीच कचरा ठरली होती, ही चूक तुम्ही सुधारलीत, असे त्यात म्हटले होते. याच यांगनी गुराखी आणि विणकर कन्या ही आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेल्या प्रेमिकांची प्राचीन कथा नव्याने लिहिली. तिच्यात शांततेची कबुतरे आली, युद्धखोर घुबडे आली, आणि म्हातारा बैल आधुनिक लेखक लू शुन यांच्या कवितेच्या ओळी गाऊ लागला. कवी आय छिंग यांनी ऑगस्टच्या अखेरीस पीपल्स डेलीत यावर कडक टीका केली. यांग चिडले, त्यांनी उलट पत्रे लिहिली आणि त्यांचीच जागा गेली. कबुतरे घालणे हेही चूक आणि न घालणे हेही धोक्याचे, अशा परिस्थितीत सामान्य मंडळीने काय करावे? बहुतेकांनी केंद्राने तपासलेली, छापलेली संहिता मागवली आणि तीच पाठ केली.

मूळ बदल तो हाच. पडद्यामागचा कागद गेला. त्याच्या जागी संहिता आली, संहितेबरोबर दिग्दर्शक आला, जो जुन्या मंडळीत कधी नव्हता. कलावंतांना साक्षरतेचे वर्ग लावले गेले, कारण आता भूमिका वाचावी लागणार होती. मंडळ्या आधी सहकारी झाल्या, मग १९५६ च्या आरंभी एका लाटेत शेकडो मंडळ्या सरकारी झाल्या. नटाला महिन्याचा पगार मिळू लागला, आणि रोजच्या तिकीटविक्रीशी त्याचा संबंध सैल झाला.

या पद्धतीतून उत्तम नाटकही निघाले, हे मी लपवणार नाही. १९५६ मध्ये झेजियांगच्या एका मंडळीने कुन ऑपेरा या जुन्या नाट्यप्रकारातले ‘पंधरा माळा नाणी’ हे नाटक नव्याने बसवले. मूळ लांबलचक नाटकात दोन भावांची दोन प्रकरणे होती आणि न्यायाधिकाऱ्याला सत्याचा मार्ग स्वप्नातून दिसत असे. नव्या संहितेने एकच प्रकरण ठेवले आणि स्वप्नाच्या जागी अधिकारी खुनाच्या जागेवर जाऊन स्वतः तपास करतो. सांडलेली नाणी, जुगाऱ्याचे शिसे भरलेले फासे, वेशांतर, हे सगळे कमालीचे रंगते, आणि कागदावरून माणसे फाशी देणारे आळशी अधिकारी नेमके ओळखू येतात. माओ आणि चौ यांनी ते पाहिले, १८ मे रोजी पीपल्स डेलीने एका नाटकाने एक नाट्यप्रकार वाचवला असा गौरव केला. कुन ऑपेरा तेव्हा खरोखरच शेवटच्या घटका मोजत होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीजिंगच्या सन यत्-सेन उद्यानात ‘चौथा मुलगा आईला भेटतो’ या नाटकाचा खेळ झाला. शत्रूच्या राजकन्येशी लग्न करून बसलेला एक सेनानी एका रात्रीसाठी सीमा ओलांडून आईला भेटायला जातो, अशी ती कथा. मा ल्येनल्यांग, थान फूयिंग यांच्यासारख्या मोठमोठ्या नटांनी मिळून ती उभी केली, आणि एकाच रात्री नायकाची भूमिका प्रवेशागणिक वेगवेगळ्या नटांनी केली. हे नाटक बंदीच्या यादीत कधीच नव्हते. देशद्रोह्याची कणव येते या भीतीने ते कोणी करत नव्हते, एवढेच. जे बंद नव्हते तेच बंद पडलेले असणे, हा मला त्या २६ नावांपेक्षा मोठा पुरावा वाटतो. १७ मे १९५७ रोजी मंत्रालयाने ती २६ नावांची बंदीही उठवली.

मोकळीक फार टिकली नाही. त्याच मे महिन्यात नाटककार वू झुग्वांग यांनी एका बैठकीत विचारले की, प्राचीन कवी छू युआनचे नेतृत्व कोणी केले होते, ली पो आणि तू फू या कवींचे कोणी केले होते, शेक्सपिअर आणि बेथोव्हनचे कोणी केले होते? कलेला संघटनेच्या नेतृत्वाची गरज नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पक्षाच्या टीकाकारांना ‘उजवे’ ठरवणारी मोहीम सुरू होताच त्यांच्यावर तो शिक्का बसला आणि त्यांना ईशान्येच्या ओसाड प्रदेशात श्रमासाठी पाठवण्यात आले.

त्यांची पत्नी शिन फेंगश्या. तीच ती अभिनेत्री जिने मघाच्या ल्यू छ्याओची भूमिका फिंग ऑपेरात अमर केली. १९५० च्या नव्या विवाहकायद्याच्या काळात तिची पदे घराघरांत गायली गेली आणि १९५६ मध्ये त्यावर चित्रपट झाला. गरिबीत वाढलेली, त्येनजिनच्या आणि मग बीजिंगच्या थ्येनछ्याओ बाजारातल्या मंचावर घडलेली ही बाई १९४९ साली जवळपास निरक्षर होती, आणि नव्या चीनने तिला अक्षरे दिली हे ती नेहमी सांगे. नवऱ्याशी घटस्फोट घे, असा तिच्यावर दबाव आला. मनाविरुद्धच्या लग्नाला नकार देणारी मुलगी जिने देशभर पोहोचवली, तिलाच आता मनाविरुद्धच्या घटस्फोटाला नकार द्यावा लागला. त्या वेळी तिने आधार घेतला तो जुन्या मंचावरच्या एका नायिकेचाच : वांग बाओछुआनने आपला नवरा श्वे फिंगग्वे याची अठरा वर्षे वाट पाहिली, मी माझ्या नवऱ्याची अठ्ठावीस वर्षे पाहीन. तिलाही उजवी ठरवण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीत तिला मारहाण झाली, आणि १९७५ मध्ये आलेल्या पक्षाघातानंतर ती पुन्हा मंचावर उभी राहू शकली नाही. मग तिने लिहायला घेतले. मंडळीतली भांडणे, बाजारातले प्रेक्षक, उस्तादांच्या लकबी, संहिता नसताना नाटक कसे उभे राही, हे सगळे तिने आठवेल तसे लिहून काढले. १९९८ मध्ये ती वारली तोपर्यंत तिच्या आठवणींची अनेक पुस्तके झाली होती, आणि १९४९ पूर्वीच्या त्या मंचाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले काही त्या पुस्तकांतून आलेले आहे.